सोबतीचं जनावर तगडं कसं होतं? लांडगा, वाघ, अस्वल आणि हुकमाची किंमत

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) किंवा पाथफाइंडर, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेका पात्राची गोष्ट खेळायचे खेळ. त्यात रेंजर (रानात वावरणारा लढवय्या) किंवा ड्रुइड (रानाशी नातं असलेला मांत्रिक) घेऊन नवा गडी टेबलावर बसला की एक प्रश्न हमखास येतो : "माझा लांडगा तगडा कधी होणार?" आपण त्याला तक्ता दाखवतो. हिट पॉइंट (किती मार सोसेल) इतके वाढतील, आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड) इतका वाढेल, चावा एवढ्याचा होईल. माझं म्हणणं असं की तक्ता अर्धीच गोष्ट सांगतो. जनावर किती वाढलं हे पाहायचं असेल तर त्याच्याकडून काम करून घ्यायला मालकाला स्वतःचा किती टर्न (लढाईतली पाळी) खर्चावा लागतो ते पाहावं.

आमचं टेबल दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, घराच्या छपरीत भरतं. वावरातली कामं ओसरली की खेळ सुरू, कापूस वेचणीला लागला की बंद. बोलणं सगळं मराठीत, त्यातही निम्मं वऱ्हाडी. यंदा दोन नव्या पोरांनी जनावरवाले गडी घेतलेत, म्हणून वेगवेगळ्या नियमपुस्तकांत ही वाढ कशी होते ते एका जागी मांडतो.

आधी डी अँड डी ३.५, म्हणजे २००३ ची आवृत्ती. ड्रुइडला पहिल्याच लेव्हलला, म्हणजे पात्राच्या वाढीच्या पहिल्याच पायरीवर, जनावर मिळतं. रेंजरला चौथ्या लेव्हलला, आणि त्याची लेव्हल निम्मीच धरायची. साध्या लांडग्याला २ हिट डाइस (ज्यांवरून हिट पॉइंट ठरतात ते फासे). ड्रुइड तिसऱ्या लेव्हलला गेला की त्यात २ ची भर, सहाव्याला एकूण ४ ची, नवव्याला ६ ची, असं अठराव्या लेव्हलपर्यंत १२. कातडी जाड होते, ताकद आणि चपळाई थोडी थोडी वाढते. तिसऱ्या लेव्हलला इव्हेजन मिळतं, म्हणजे आगीच्या गोळ्यातून वेळेवर उडी साधली तर केससुद्धा जळत नाही.

पण याच नियमात एक दुखरी जागा आहे. सातव्या लेव्हलला ड्रुइडला वाघ घेता येतो. त्याच्यासाठी लेव्हल ६ नं कमी धरायची. आता मांडून पाहा. सातव्या लेव्हलच्या ड्रुइडचा जुना लांडगा ६ हिट डाइसचा आणि ताकद १५. नवा वाघही ६ हिट डाइसचाच, पण ताकद २३, अंगानं मोठा, झेप घेऊन एकाच टर्नमध्ये सगळे पंजे आणि दात चालवणारा. नियम तुम्हाला सरळ सांगतो की लांडग्याला सोडा. पहिल्या गुहेपासून सोबत असलेलं जनावर आकडेमोडीत हरतं, आणि ज्याचा जीव त्याच्यावर जडलाय त्या खेळाडूचं नुकसान होतं. मला हे कधीच पटलं नाही.

२००९ च्या पाथफाइंडरनं इथंच सुधारणा केली. जनावर बदलायची गरजच ठेवली नाही. तेच जनावर चौथ्या किंवा सातव्या लेव्हलला मोठं होतं. लांडगा सातव्याला अंगानं वाढतो, ताकदीत एकदम ८ ची भर, चावा १डी८ चा, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशाचा. शिवाय चार हिट डाइस झाले की एक गुण हवा तिथं देता येतो. बरेच ड्रुइड तो बुद्धीला देतात. २ ची ३ झाली की जनावर, शरीराला जमेल असं कुठलंही फीट (खास कसब) शिकू शकतं.

मग २०१४ ची पाचवी आवृत्ती. बीस्ट मास्टर रेंजरला तिसऱ्या लेव्हलला जनावर मिळतं, तेही मध्यम आकारापर्यंतचं आणि पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचं (शत्रू म्हणून किती भारी, याचं माप). त्याच्या आर्मर क्लासात, हल्ल्यात, मारात आपला प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा) मिळवायचा. हिट पॉइंट रेंजर लेव्हलच्या चौपट किंवा मूळचे, जे जास्त असतील ते. तिसऱ्या लेव्हलला लांडग्याचे १२ हिट पॉइंट, आर्मर क्लास १५, हल्ल्याला ६. वाचायला चांगलं वाटतं. पण त्याला 'धर' म्हणायला रेंजरची टर्नमधल्या मुख्य कामाची अख्खी अ‍ॅक्शन जाते! लांडगा चावतो तेव्हा तुमचं धनुष्य खांद्यावरच. पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळाल्यावर जरा सुटका होते. आणि पाडायचा जो डाव लांडग्याला येतो त्याचा डीसी (फाशानं गाठायचा आकडा) ११ वरच अडकून राहतो, मालक विसाव्या लेव्हलला गेला तरी.

याच पाचव्या आवृत्तीला २०२० मध्ये पर्यायी नियम आले. जमिनीवरचं, पाण्यातलं, आकाशातलं, असे तीन साचे. जमिनीवरच्याला ५ अधिक लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंट. अकराव्या लेव्हलला जुन्या लांडग्याचे ४४ होत, याचे ६०. पण लोकांनी ते उचलून धरले ते या सोळा गुणांसाठी नव्हे. हुकूम बोनस अ‍ॅक्शनवर आला, म्हणून. रेंजर बाण मारतो आणि त्याच दमात जनावर चावतं.

आता २०१९ चं पाथफाइंडर दुसरी आवृत्ती, जे आम्ही सध्या खेळतो. टर्नला तीन अ‍ॅक्शन. एक खर्चून हुकूम दिला की जनावर दोन करतं. ते आधी 'यंग' असतं, मग 'मॅच्युअर', मग 'निंबल' किंवा 'सॅव्हेज', शेवटी 'स्पेशलाइज्ड'. ड्रुइडला चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या लेव्हलचं फीट देऊन ही वाढ घ्यावी लागते. रेंजरला सहाव्या, दहाव्या, सोळाव्याला. मॅच्युअर झालं की मार एका डाइसचा दोन डाइस होतो, अंग एका मापानं वाढतं. हे सगळं छान. पण सगळ्यात मोठी गोष्ट त्या मजकुरात शेवटी लिहिली आहे : लढाईत हुकूम दिला नाही तरी जनावर आपणहून एक अ‍ॅक्शन करतं, चालतं किंवा हल्ला करतं.

माझ्या मते जनावर मोठं होतं ते तिथं. तुमच्या टेबलावर काय अनुभव आहे?

कवठीचाफा

वाचते आहे दादा, खूप कामाचं. एक शंका. जादूगाराचं घुबड असतं ते यातच धरायचं का? मला अजून खेळायला सुरुवात करायची आहे.

धुऱ्यावरचा

नाही ताई. ते फॅमिलिअर. २०१४ च्या नियमात फॅमिलिअरला हल्लाच करता येत नाही. ते नजर ठेवतं, लढणाऱ्याला मदत करतं, मालकाचा स्पर्शाचा मंत्र पोचवतं. ते लेव्हलबरोबर वाढतही नाही. आपण बोलतोय ते लढणाऱ्या जनावराबद्दल.

जुनातीनपाच

धागा चांगला काढला भाऊ, पण मुद्दा पुरता पटला नाही.

तुमचंच माप लावतो. ३.५ मध्ये ड्रुइडला 'लिंक' पहिल्या लेव्हलपासून असते. शिकवलेलं काम करून घ्यायला फ्री अ‍ॅक्शन लागते, म्हणजे काहीच खर्च नाही. मग तुमच्या हिशेबानं ३.५ चा लांडगा पहिल्याच दिवशी पुरता वाढलेला म्हणायचा का? आणि तिथून विसाव्या लेव्हलपर्यंत जे होतं ते काय?

आकड्यांना एवढं हलकं धरू नका. आम्ही अमरावतीला बरीच वर्षं ३.५ खेळलो. दहाव्या लेव्हलच्या पुढं शत्रू एकेकट्यावर वार करत नाही, सगळ्यांवर एकदम आग ओकतो. ८डी६ चा गोळा सरासरी २८ चा मार देतो. इव्हेजन आणि पुरेसे हिट डाइस नसतील तर हुकूम फुकट असून उपयोग काय? ऐकायला जनावर उरलं पाहिजे. २०१४ च्या लांडग्याची अडचण अ‍ॅक्शनची होती हे कबूल, पण तेवढीच नव्हती. पाचव्या लेव्हलला २० हिट पॉइंट घेऊन तो पुढच्या रांगेत उभा राहत होता, हे विसरू नका.

बंडीवाला

दोघायचंही बरोबर हाय, पण मले वाटते एक गोष्ट राहून रायली.

माह्या बापाकडं डवऱ्याची जोडी होती. नवा गोऱ्हा जुपला का तो धुऱ्यावर जाऊन उभाच राहे. कासरा ओढा, आवाज द्या, तवा कुठं फिरे, अन् फिरता फिरता कपाशीचं एक तास तुडवून जाये. मंग दुसऱ्या हंगामात पाहा. धुरा चार हात दूर असतानीच त्याचा कान हाले. आतल्या अंगाचा बैल पाय आखडता घे, बाहेरचा लांब टांग टाके, अन् मुसकं बांधलेली जोडी आपणच फिरून बरोबर पुढच्या तासात लागे. कासरा ढिलाच. बापाचा हात मोकळा, तवा तो डवऱ्याच्या दात्यात अडकलेलं गवत काढून घे. बैलाची ताकद दोन्ही वर्षी सारखीच होती भाऊ.

तवा ३.५ चा हिशेब असा लावा. हुकूम फुकट हाय, पण शिकवलेलाच हुकूम फुकट हाय. लांडग्याची बुद्धी २, म्हणजे सहा ट्रिका. एक ट्रिक शिकवाले एक आठवडा लागते. 'अटॅक' एकदा शिकवली तर तो माणसावर, राक्षसावर, दुसऱ्या जनावरावर जाते. भुताखेतावर जात नाही. त्याच्यासाठी तेच दुसऱ्यांदा शिकवा लागते, दोन ट्रिका खर्च. अन् न शिकवलेलं करून घ्याचं असलं तर डीसी २५. लेव्हल वाढली का तक्त्यात बोनस ट्रिका वाढतात, एकाच्या सात होतात. तो रकाना कोणी वाचतच नाही. माह्या मते वाढ तिथं हाय.

धुऱ्यावरचा

बंडीवाले भाऊ, हेच मला हवं होतं आणि मी ३.५ च्या बाबतीत लिहिलं नव्हतं. जुनातीनपाच, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं असं मला वाटतं. लिंक असूनही न शिकवलेल्या कामाला मूव्ह अ‍ॅक्शन जाते आणि डीसी २५ गाठावा लागतो. म्हणजे जनावर जसजसं शिकतं तसतसा तुमचा टर्न मोकळा होत जातो.

जुनातीनपाच

मान्य. ट्रिकांचा मुद्दा मी धरला नव्हता. तरी इव्हेजनवर ठाम आहे.

मोहाफूल

मी चिमूर भागातली. आमच्या टेबलावर बहुतेक मुली आहेत, कॉलेजच्या, आणि परक्या मुलखातले प्राणी घ्यायला कोणी तयार नसतं. सगळ्यांना ताडोब्यातलं जनावर हवं. म्हणून मी पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या साच्यांवर आपली जनावरं बसवून पाहिली. कोणाला वापरायची असली तर लिहिते.

रानकुत्रा लांडग्याच्या साच्यात इतका बरोबर बसतो की मला नवल वाटलं. त्या लांडग्याचा 'सपोर्ट' असा आहे : तुम्ही शत्रूला लागेल असा वार केला की लांडगा त्याच्या पायाशी लागतो आणि शत्रूचा वेग ५ फुटांनी कमी होतो, क्रिटिकल (विशेष जबर वार) लागला तर १० फुटांनी. रानकुत्र्यांची शिकार अशीच चालते. वजन जेमतेम १२ ते २० किलो, एकट्यानं सांबर पडत नाही. कळप सावजाला पळवून पळवून दमवतो, मागच्या पायांना, पोटाला तोडत राहतो. शीळ घालून एकमेकांना बोलावतात. माझ्या एका मुलीनं हुकूम देताना शब्द न वापरता फक्त शीळ वाजवायची असं ठरवलं आणि आता टेबलावर सगळे ते पाळतात.

बिबट मांजराच्या साच्यात. त्याच्या सपोर्टनं तुमचा वार लागलेला शत्रू बेसावध ठरतो. शिवाय बेसावध शत्रूवर मांजराचा स्वतःचा मार १डी४ नं जास्त. दोघं मिळून दबा धरणारी जोडी होते.

अस्वलाबद्दल जास्त लिहावंसं वाटतं. पुस्तकातलं अस्वल आणि आपलं अस्वल यांत फरक आहे. आपलं अस्वल वारुळं फोडून वाळवी ओढून खातं, मोहाची फुलं खातं, पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतं. नजर मंद, नाक तिखट. मोहाच्या दिवसांत बायामाणसं अंधार असतानाच फुलं वेचायला निघतात, अस्वलही त्याच झाडाखाली आलेलं असतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता अगदी जवळ येईपर्यंत लागत नाही. मग ते अंगावर येतं. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाला घाबरणारी माणसं कमी नाहीत. म्हणून मी खेळात त्याला दूरचं दिसण्यात उणं ठेवलं, वासावर माग काढण्यात अधिक दिलं, आणि झाडावर चढता येईल असं केलं. मार, हिट पॉइंट पुस्तकातलेच ठेवले, म्हणजे तोल बिघडत नाही.

एक मात्र मी दर वेळी सांगते. खेळात बिबट्या पाळा, पण खरं पिल्लू शेतात सापडलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि ऊसकपाशीत पिल्लू एकटं दिसलं तरी आई बहुतेक वेळा आसपासच असते.

बंडीवाला

शिळेची गोष्ट बम आवडली ताई. आमच्या पोरायले सांगतो.

सातपुडी

मेळघाटाकडून नमस्कार. वाढीबद्दल सगळे बोलताहेत, मरण्याबद्दल कोणीच नाही. आमच्या टेबलावर एका मुलाचा लांडगा पुलावर मेला, आणि पोरगा दोन सत्रं आलाच नाही. नियम काय म्हणतो?

जुनातीनपाच

३.५ मध्ये ड्रुइडनं सलग २४ तास प्रार्थना करायची, नवं जनावर येतं. ते जुन्याच्या तोडीचं येतं, ड्रुइडच्या लेव्हलप्रमाणे. म्हणजे तक्ता परत मिळतो.

धुऱ्यावरचा

२०१४ मध्ये जे जनावर वैर धरून नाही अशा दुसऱ्या एखाद्याबरोबर आठ तास घालवून नातं जोडायचं. २०२० च्या पर्यायात मेल्यापासून तासाभरात त्याला हात लावून मंत्राचा एक स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी शिल्लक) खर्चला तर तेच जनावर मिनिटभरात पुऱ्या हिट पॉइंटांनिशी उठतं. पाथफाइंडर दोनमध्ये एक आठवडा मोकळा वेळ घालवून नवं आणायचं.

या सगळ्यांत मला २०२० चा नियम माणसाच्या जवळचा वाटतो, कारण तेच जनावर परत येतं. पण सातपुडी, त्या पोरासाठी नियमाआधी त्याच्याशी बोलणं गरजेचं आहे. त्याला नवा लांडगा हवाय का, की काही दिवस एकट्यानंच खेळायचंय? आमच्याकडे अशा वेळी आम्ही खेळाडूला निवडू देतो. आणि नवं जनावर आलं तर ते 'यंग'पासून सुरू करायची सक्ती कधीच करत नाही. मालकानं मॅच्युअरचं फीट घेतलेलं आहे, त्याची मेहनत कशाला बुडवायची?

सातपुडी

हे बरं सांगितलंत. बोलतो त्याच्याशी.

जुनातीनपाच

आता एक नाजूक प्रश्न. हुकूम न देता जनावर जी एक अ‍ॅक्शन करतं ती ठरवतो कोण? खेळाडू की जीएम (खेळ चालवणारा)? खेळाडूनं ठरवली तर तो हुकूमच झाला, फक्त फुकटचा. जीएमनं ठरवली तर खेळाडू म्हणतो माझं जनावर तुम्ही का चालवता.

धुऱ्यावरचा

पुस्तकात चाल आणि हल्ला एवढंच आहे, आणि खेळाडूनं ठरवलं तर खेळ नीट चालतो. पण आम्ही त्यात एक भर घातली आहे. जनावर मॅच्युअर होतं तेव्हा खेळाडूनं जनावराचा एक स्वभाव लिहून द्यायचा, एका ओळीत. उदाहरणार्थ, 'मालक पडला तर त्याच्यापुढे उभं राहायचं' किंवा 'पळणाऱ्याच्या मागं जायचं'. हुकूम नसेल तेव्हा जनावर आधी त्या ओळीप्रमाणे वागतं. ती लागू नसेल तर खेळाडूची मर्जी. निंबल किंवा सॅव्हेज झालं की दुसरी ओळ.

यानं दोन गोष्टी झाल्या. खेळाडू लेव्हल वाढायच्या आधीच विचार करू लागतात की या जनावराला आपण काय शिकवलं. आणि जीएमलाही ती ओळ माहीत असते, तो तसे प्रसंग आणतो. आमच्या एका पोरानं अस्वलाला लिहिलं होतं, 'लहान मुलाजवळ कोणाला येऊ देऊ नये'. पुढं गावावर हल्ला झाला तेव्हा मालक विहिरीकडं अडकला होता, आणि अस्वल हुकमाशिवाय शाळेच्या दारात जाऊन उभं राहिलं. त्या टर्नला त्यानं मारलं कोणालाच नाही. पण सगळ्यांना कळलं की हे जनावर आता मोठं झालं.

बंडीवाला

हे मी आजच चोरून रायलो.

जुनातीनपाच

आवडलं. ३.५ मध्येही चालेल हे, बोनस ट्रिकच्या जागी. एक सावधगिरी : दोन्ही ओळी एकमेकींच्या आड आल्या तर कोणती आधी, ते लिहून ठेवा, नाहीतर ऐन लढाईत वाद होतो.

कवठीचाफा

ठरलं माझं. ड्रुइड आणि अस्वल, मोहाफूल ताईंच्या बदलांसह. पाथफाइंडर दोन. कोणी सुरुवातीचे आकडे सांगेल का? पुस्तक फोनवर आहे पण तक्ते वाचता वाचता गोंधळ होतो.

धुऱ्यावरचा

ताई, लिहून घ्या. ताकद ३, चपळाई २, काटकपणा २, शहाणपण १, बुद्धी उणे ४. जबडा १डी८, पंजा १डी६, पंजा हलका असल्यानं दुसरा वार त्यानं करा. हिट पॉइंट : आधी ८, मग दर लेव्हलला ६ अधिक काटकपणा. पहिल्या लेव्हलला १६. चौथ्याला मॅच्युअर घेतलं की काटकपणा ३ होतो आणि तो सगळ्या लेव्हलींना लागू, म्हणजे ८ अधिक ३६, एकूण ४४. सुरुवातीला ते लहान मापाचं असतं, पिल्लूच समजा. मॅच्युअरला मध्यम, आणि आठव्या लेव्हलला सॅव्हेज केलंत तर मोठं.

चौथ्या लेव्हलचं फीट दुसरं काही आकर्षक दिसलं तरी मॅच्युअरच घ्या. आणि जनावराला हल्ल्यात वस्तूंचे बोनस मिळत नाहीत, त्यामुळं पुढच्या लेव्हलींना त्याचे वार तुमच्या साथीदारांपेक्षा थोडे चुकतील. घाबरू नका, त्या वेळी सपोर्ट वापरा.

जुनातीनपाच

सपोर्टचे आकडेही शीटवर वरच लिहा, नवे लोक तेच विसरतात. अस्वलाला एक हुकूम देऊन सपोर्ट करायला लावलं की त्याच्या आवाक्यातल्या शत्रूला तुमचा वार लागेल तेव्हा अस्वलाचा १डी८ वरून मिळतो. निंबल किंवा सॅव्हेज झाल्यावर २डी८. तुम्ही टर्नमध्ये दोनदा मारणार असाल तर अस्वलाच्या स्वतःच्या चाव्यापेक्षा हे बऱ्याचदा जास्त पडतं.

कवठीचाफा

लिहिलं दादा. स्वभावाची ओळ चौथ्या लेव्हलला लागेल, पण मी आत्ताच ठरवली आहे : 'वारूळ दिसलं तरी मालकाला सोडून जायचं नाही.'

मोहाफूल

ताई, हे अस्वलाला सगळ्यात अवघड जाईल. छान ओळ आहे.